मी कशालाच हात लावला नाही

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरचा डॉक्टर मी. ही डिग्री मिळाली कशी ते आधी सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वी शुभांगीताईंच्या कॉम्प्युटरची स्क्रीन आडवी झाली, म्हणजे सगळी अक्षरं डावीकडं कलंडून झोपली, आणि बाईंनी कुणाला काही न बोलता मॉनिटरच कुशीवर निजवला, खाली टेकू म्हणून दोन जुनी लेजर बुकं लावली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत तशाच एंट्र्या मारत बसल्या. मी जाता जाता कंट्रोल, ऑल्ट आणि वरचा बाण दाबला, कारण आदल्याच आठवड्यात भाच्यानं माझ्या घरी हाच उद्योग केला होता. स्क्रीन सरळ झाली. म्हणजे मॉनिटर निजलेला असल्यामुळं आता ती परत आडवी दिसायला लागली, पण ते सोडा. तेव्हापासून ऑफिसात काहीही बंद पडलं, अगदी पंखा, तरी हाक मला.

ऑफिस सांगलीत, गणपती पेठेत. हळद, गूळ, किराणावाल्या व्यापाऱ्यांचे हिशेब आणि जीएसटी. मालक अण्णा. चार कॉम्प्युटर, त्यातल्या एकाला आम्ही सर्व्हर म्हणतो. सर्व्हर म्हणजे सगळ्यात जुना डबा, ज्याच्यात टॅलीचा, म्हणजे आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, सगळा डेटा आहे आणि ज्याला खंडेनवमीला पहिला हार मिळतो. गेल्या वर्षीच्या झेंडूच्या पाकळ्या त्याच्या पुढच्या जाळीत अजून आहेत, आणि पॉवरच्या बटणावर इतक्या वर्षांचं हळदीकुंकू साठलंय की बटण कुठाय हे नवीन माणसाला दाखवावं लागतं.

तर २० मार्च. थ्रीबी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायची शेवटची तारीख. सकाळी साडेदहाला एकदम ‘नेट गेलं, नेट गेलं’ सुरू झालं. आमच्याकडं नेट गेलं याचे तीन अर्थ होतात. नेट गेलं, टॅली उघडेना, किंवा माऊसची बॅटरी संपली. मी पहिल्यांदा विचारलं, कुणी कशाला हात लावला का? चार तोंडातून एक उत्तर, ‘मी कशालाच हात लावला नाही.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की माझ्या मते ते राउटरच्या खोक्यावरच छापून द्यायला पाहिजे.

कस्टमर केअरला फोन केला. ‘सर, राउटर बंद करून तीस सेकंदांनी चालू करा.’ केला. ‘सर, लाल लाईट आहे का?’ नाही. फायबरची वायर कुठं तुटली असेल तर डब्यावर लाल दिवा लागतो हे एवढं मला माहिती झालंय, कारण आमच्या गल्लीत उंदीर आणि महापालिकेचे खड्डे यांच्यात वायर कोण जास्त तोडतो याची चुरस आहे. दिवा हिरवाच. ‘सर, मग आमच्या बाजूनं सगळं ओके दाखवतंय.’ त्यांच्या बाजूनं जगात सगळं नेहमीच ओके असतं.

मग मी कमांड टाइप करायची काळी खिडकी उघडली. ती उघडली की ऑफिसात आपोआप शांतता पसरते, लोक जरा मागं सरकतात. आयपीकॉन्फिग टाकलं, म्हणजे मशीनला तिचा नेटवर्कवरचा पत्ता विचारला, तर पत्ता आला १६९.२५४ नं सुरू होणारा. म्हणजे राउटरनं याला पत्ताच दिलेला नाही, त्यानं स्वतःच एक मनानं घेतलाय. महालक्ष्मी एक्स्प्रेसला रिझर्व्हेशन न मिळालेला माणूस कसा संडासाशेजारी पेपर अंथरून ‘ही आपली जागा’ म्हणून बसतो, तसं. जागा आहे, पण तिथून कुणी तुम्हाला चहा विचारत नाही. सर्व्हर सोडून बाकीच्या दोन्ही मशीनवर तेच. मग टेबलाखाली शिरलो.

टेबलाखाली आमचा स्विच असतो, म्हणजे सगळ्या मशीनच्या वायरी एकत्र जोडायचा डबा, आठ भोकांचा, मोटरसायकलच्या टूलकिटएवढा. त्याचे दिवे एरवी आपापल्या मर्जीनं लुकलुकतात, एक आत्ता, एक जरा वेळानं, दुपारी पेंगणाऱ्या माणसांसारखे. आज सगळेच्या सगळे एकदम, एका तालात, थरथर थरथर. गणपतीतल्या मंडळाच्या लायटिंगसारखे. मी एकेक वायर हातात धरून मागं मागं जायला लागलो आणि एक निळी वायर सापडली जी पाच नंबरच्या भोकातून निघत होती, टेबलाच्या पायाला एक वेढा घालत होती, आणि सात नंबरच्या भोकात परत जात होती.

मावशी दारात झाडू घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘मी कशालाच हात लावला न्हाई. एक वायर तेवढी खाली लोंबत हुती, तोंड उघडं, ती बसवली जागंवर.’

आता हिच्यात मावशींची काय चूक सांगा. भोक रिकामं, वायर मोकळी, दोन्ही एकाच मापाचे. कुणी सुज्ञ माणूस हेच करेल. पण स्विचच्या पोटात त्यानं काय होतं, तर एखादं मशीन ‘राउटर कोण आहे रे?’ म्हणून ओरडतं, तो निरोप स्विच सगळ्या भोकांतून बाहेर पाठवतो, पाचातून गेलेला सातातून आत येतो, स्विचला वाटतं नवीनच निरोप आला, तो परत सगळीकडं पाठवतो, आणि हे थांबतच नाही. फॅमिली ग्रुपवर दोन काका एकमेकांचं गुड मॉर्निंग एकमेकांनाच फॉरवर्ड करत बसले तर तिसऱ्याचं औषधाचं बिल कुणाला दिसणार? महागडे स्विच असला फेरा ओळखून ते भोक बंद करतात. आमचा अण्णांनी आणलेला. वायर उपटली, दिवे पेंगायला लागले, थ्रीबी गेली. मावशींना अण्णा काही बोलले नाहीत, मला मात्र म्हणाले, ‘वायर लोंबत ठेवतोसच कशाला?’

हे मिटलं तरी दुसरं आधीपासून चालूच होतं. हे जास्त अवघड होतं कारण याच्यात पायगुण होता.

ओंकार नावाचा पोरगा नवीन लागलेला, तासगावहून एसटीनं यायचा. तो आल्यापासून आठवड्यातनं तीन-चार दिवस टॅली सकाळी चालूच व्हायची नाही, बाकीच्या मशीनना सर्व्हर सापडायचाच नाही. तो ज्या दिवशी रजेवर, त्या दिवशी सगळं लोण्यासारखं. शुभांगीताईंनी वहीत तारखा लिहून ठेवल्या होत्या, पुराव्यासकट. अण्णांनी शनिवारी नारळ फोडला. ओंकार बिचारा टॅलीच्या मशीनकडं बघायलाही घाबरायला लागला.

वहीच्या तारखा मी नीट बघितल्या तेव्हा एक गोष्ट दिसली. तो उशिरा आला की काही होत नव्हतं. लवकर आला की बोंब. लवकर येणाऱ्या माणसानं ऑफिसचं वाटोळं होतं, असं मॅनेजमेंटच्या कुठल्या पुस्तकात नसेल, पण आमच्याकडं ते खरं होतं. कारण असं की पहिली गाडी मिळाली तर हा साडेआठलाच पायऱ्यांवर येऊन बसायचा आणि ऑफिसच्या वायफायवर क्रिकेट बघायचा. राउटर रात्रंदिवस चालू, सर्व्हर मात्र साडेनवाला अण्णा आल्यावर उदबत्ती लावून चालू होणार. आमच्या सर्व्हरचा पत्ता कुणीतरी कधीतरी १९२.१६८.१.५ असा कायमचा बसवलेला, आणि राउटरला ते कुणी सांगितलेलंच नाही. राउटर बघतो, पाच नंबरची खोली रिकामी आहे, दे या पोराच्या फोनला. साडेनवाला मूळ मालक सामान घेऊन येतो तर खोलीत भाडेकरू.

बरं, सर्व्हर हे सांगत नव्हता असं नाही. कोपऱ्यात रोज छोटी चौकट यायची, आयपी ॲड्रेस कॉन्फ्लिक्ट. शुभांगीताई म्हणाल्या, ‘हां, ते येतं कायतरी. मी बंद करते की लगेच.’ राउटरमध्ये जाऊन वाटपाची सुरुवात १०० नंबरापासून केली, खालचे नंबर घरच्यांना राखीव. दोन मिनिटांचं काम. पण ते होईपर्यंत पोराला अडीच आठवडे ‘तू जरा दहानंतरच येत जा’ सांगितलेलं होतं.

आणि मग ३१ मार्च. ३१ मार्च हा जगभर बॅकअप डे म्हणून पाळतात, २०११ पासून. तारीख एक एप्रिलच्या आदला दिवस म्हणून निवडली म्हणे, दुसऱ्या दिवशी मूर्ख ठरू नये म्हणून. निवडणाऱ्यानं आयुष्यात कधी भारतातलं अकाउंट्स ऑफिस बघितलेलं नसणार. ३१ मार्चला आम्हाला स्वतःचं नाव विचारलं तरी व्हाउचर नंबर सांगतो.

दुपारी साडेतीनला सर्व्हरमधून आवाज यायला लागला. टक. टक. टक. मग जरा थांबून, टक. पाल चुकचुकावी तसा, पण डब्यातून. अण्णांनी खरंच वर छताकडं बघितलं. मी टेबलाला हात लावून कृष्ण कृष्ण म्हटलं आणि पाचव्या मिनिटाला स्क्रीन काळी.

अण्णा म्हणाले, ‘बॅकअप आहे ना?’

तिघांनी एकदम सांगितलं, आहे. आणि खरंच तिघांकडं होता, तीन वेगवेगळ्या ठिकाणी.

शुभांगीताईंचा डी ड्राइव्हला. रोज संध्याकाळी न चुकता, बारा वर्षं. आता डी ड्राइव्ह म्हणजे त्याच हार्डडिस्कमध्ये मध्ये पडदा लावून केलेली दुसरी खोली, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. घरच बसल्यावर मधल्या खोलीतलं ट्रंक कुठून आणणार? सांगलीच्या माणसाला तरी हे सांगायला नको. २०१९ च्या पुरात पेठेत पाणी शिरलं तेव्हा अण्णांनी हाच डबा डोक्यावर घेऊन वरच्या मजल्यावर नेला होता, वसुदेवानं टोपलीतून बाळकृष्ण न्यावा तसा, मागं मी उदबत्तीचं घर आणि माऊस घेऊन. आमचा ऑफ-साइट बॅकअप म्हणजे अण्णांचं डोकं. पाणी ओसरलं, डबा खाली आला, विषय संपला.

अण्णांचा पेनड्राइव्हमध्ये, गल्ल्यात, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, लक्ष्मीच्या फोटोखाली. उघडला. शेवटची फाइल ऑक्टोबरची. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह, २० जीबी रिकामा, पण तो फॅट-३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला, आणि त्याच्यात चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल जात नाही, बाकी घर कितीही मोकळं असो. दार लहान, कपाट मोठं. दिवाळीत आमच्या बॅकअपच्या फाइलनं चार जीबी ओलांडले आणि तेव्हापासून तो दर शनिवारी ‘फाइल फार मोठी आहे’ सांगत होता. अण्णा म्हणाले, ‘ते स्किप आहे ना, ते दाबलं की पुढं जातंय.’

राहिला माझा. माझा ऑटोमॅटिक होता. रोज रात्री साडेआठला सर्व्हरवरून ताईंच्या मशीनला सगळा डेटा कॉपी, कुणी हात लावायचीच गरज नाही, या एका व्यवस्थेवर मी लग्नकार्यात भाषणं दिलीयत. ताईंच्या मशीनवर त्याचं फोल्डर उघडलं. शेवटची तारीख ४ नोव्हेंबर. अरे पण मी तर दर महिन्याला सर्व्हरवर बघत होतो, तिथं प्रत्येक रात्रीपुढं ‘यशस्वी’ लिहिलेलं! मग कळलं की मी लिहिलेली कॉपी करायची फाइल सुरू होऊन संपली की तो यशस्वी म्हणतो, मध्ये कॉपी झाली का नाही ते त्याला विचारलेलंच नव्हतं. पाच महिने रोज रात्री साडेआठला त्यानं यशस्वीपणे काहीच केलं नव्हतं. ताईंच्या मशीनचा पासवर्ड बदललेला होता आणि सर्व्हरला तो माहीत नव्हता, दारावरूनच परत यायचा.

‘पासवर्ड कुणी बदलला?’ अण्णांनी विचारलं.

पासवर्ड शुभांगी१२३ होता. तो सुरक्षित नाही असं कुठंतरी वाचून नोव्हेंबरात मीच बदलला होता. मी स्विचच्या दिव्यांकडं बघत राहिलो. दिवे छान पेंगत होते. म्हटलं, ‘बघायला लागेल.’

त्या शांततेत ओंकार हळूच म्हणाला, ‘सर, रागवणार नसाल तर सांगतो. शनिवारी काम उरलं होतं म्हणून मी सगळा डेटा लॅपटॉपवर घेऊन घरी गेलतो. कुणाला न विचारता.’ ऑफिसचा डेटा न विचारता घरी नेणं ही हकालपट्टीची गोष्ट आहे. अण्णांनी त्याला खुर्ची दिली. आयुष्यात पहिल्यांदा बाहेरून भडंग मागवलं आणि पुडा आधी त्याच्यापुढं ठेवला. तीन-चार दिवसांच्या एंट्र्या परत मारायला रात्रीचे दीड वाजले.

आता आमच्याकडं तीन प्रती असतात, दोन प्रकारच्या साधनांवर, एक ऑफिसबाहेर. हा ३-२-१ चा नियम पीटर क्रोग नावाच्या एका अमेरिकन फोटोग्राफरनं रूढ केला, अकाउंटंटनं नाही, याची मला जरा लाज वाटते. बाहेरच्या प्रतीसाठी दोन छोट्या डिस्क घेतल्या, आलटून पालटून एक अण्णांच्या डब्याच्या पिशवीतून घरी जाते. डिस्कला लसणाच्या चटणीचा वास येतो, पण डेटा असतो, मी दर सोमवारी एक फाइल उघडून बघतो. नुसतं ‘यशस्वी’ वाचून आता माझं समाधान होत नाही.

या सोमवारी डिस्क लागेना. केबल बदलली, भोक बदललं, मशीन बदललं. मग तिरकी धरून उजेडात बघितली तर केबल खोचायच्या फटीत काहीतरी पांढरं वाळून बसलेलं, कडेनं हलकासा फेसाचा डाग, वास लिंबाचा. काकूंना फोन लावला. म्हटलं, काकू, अण्णांच्या पिशवीत ती काळी वडीसारखी वस्तू असते बघा, तिला काही झालं का?

‘नाही बाई,’ काकू म्हणाल्या, ‘मी कशालाच हात लावला नाही. चटणी सांडली होती म्हणून पिशवी तेवढी भिजत घातली.’