ईव्हीचं ब्रेक ऑइल, पंक्चरवाल्याचा कंप्रेसर आणि तो फॉरवर्ड

गेले दोन आठवडे एकच मेसेज फिरतोय, सोसायटीच्या ग्रुपवर आला, भिशीच्या ग्रुपवर आला, काल आत्त्याने पण पाठवला, आत्त्याकडे तर गाडीच नाही. मेसेज असा की ईव्हीत मोटरच गाडी थांबवते म्हणून ब्रेक ऑइल कधी खराब होत नाही, त्यात आपलं सोलापूर कोरडं म्हणून ऑइलमध्ये पाणी जायचा प्रश्नच नाही, शोरूमवाले उगाच पैसे काढतात, आणि तरी बदलायचंच असेल तर पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरचा पाइप ऑइलच्या डबीला लावा, प्रेशर जितकं जास्त तितकं काम लवकर, डॉट ५ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) टाका म्हणजे परत बघायला नको, एकट्याने पाच मिनिटात खल्लास.

मी मेकॅनिक नाही. पण दिवाळीच्या आधी जुळे सोलापुरातल्या आमच्या पार्किंगमध्ये माझ्या गाडीचं ऑइल मी स्वतः प्रेशर लावून बदललंय, त्यामुळे घरी करू नका असं काही मी म्हणणार नाही, घरी होतं की. फक्त मेसेजमध्ये लिहिलंय तसं केलं तर वाट लागेल.

मोटर गाडी थांबवते हे खरंय, रिजनमुळे, म्हणजे मोटर गाडी थांबवता थांबवता बॅटरीत वीज भरते त्यामुळे, ब्रेकचे पॅड फार कमी झिजतात. पण झिजतात ते पॅड, ऑइलचा त्याच्याशी काय संबंध? ब्रेक ऑइल किलोमीटरवर जुनं होत नाही, दिवसांवर होतं. पावसाळ्यात मिठाची बरणी कशी ओली होते, तसं हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, रबरी पाइपातून पण घेतं, गाडी उभी असली तरी घेतं. नवीन डॉट ४ कमीत कमी २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, त्यात साडेतीन-पावणेचार टक्के पाणी गेलं की तीच लिमिट १५५ वर येते. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल सरळ खाली. म्हणून बऱ्याच कंपन्या दोन वर्षांनी बदला म्हणतात, आणि टेस्लाच्या मॅन्युअलमध्ये सुद्धा दर ४ वर्षांनी ऑइल तपासायला सांगितलंय, म्हणजे ईव्ही आहे म्हणून सुट्टी कुणालाच नाही.

आणि एक गोष्ट मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यात आलेलीच दिसत नाही. बॅटरी फुल असली की रिजनची वीज ठेवायची कुठे? त्यामुळे रिजन कमी होतं नाहीतर बंदच होतं. तुळजापूरला वर १०० टक्के चार्ज करून लगेच घाट उतरायला लागा, ब्रेक मारताना फरक कळेल. आपला तो घाट छोटा, तिथे ऑइल उकळेल असं मी म्हणत नाही, पण महाबळेश्वरला रात्रभर हॉटेलात चार्जिंग लावायचं आणि सकाळी चार माणसं, सामान घेऊन आंबेनळी उतरायचा, तेव्हा ती जड गाडी पॅडवरच थांबणार आहे बे.

सोलापूर कोरडं हे मे महिन्यात ठीक. जून ते सप्टेंबर काय करायचं? कोरड्या हवेत ओलावा हळू जाईल एवढंच. आणि हो, मागच्या वर्षीची अर्धी उघडी बाटली कपाटात ठेवली असेल तर ती पण वापरू नका.

आता कंप्रेसर. ह्याच्यासाठीच मी लिहायला बसलो. प्रेशर ब्लीडिंगला, म्हणजे दाब देऊन जुनं ऑइल बाहेर ढकलायला, लागतं साधारण १ बार, म्हणजे १५ पीएसआय. टायरमध्येच ३०-३५ असतं, आणि पंक्चरवाल्याच्या टाकीत शंभराच्या पुढे. आणि डबी कशाची, तर प्लास्टिकची! शिवाय तो सकाळी टाकीच्या खालचा कॉक उघडतो तेव्हा किती पाणी निघतं बघितलंय ना, तीच ओली हवा ऑइलवर सोडायची, म्हणजे पाणी काढायला गेलो आणि पाणी घालून आलो. माझ्या मावसभावाने होटगी रोडला हाच प्रयोग केला, झाकणाच्या बाजूने ऑइल उडालं, ह्याने कोरड्या फडक्याने पुसलं आणि चहाला गेला. दोन दिवसांनी फेंडरचा रंग फुगलेला. ब्रेक ऑइल रंग खातं, सांडलं की आधी भरपूर पाणी ओतायचं.

मी वापरला फवारणीचा छोटा हातपंप, नवीन, औषध मारलेला नाही, त्याला गेज आणि डबीला बसेल असं झाकण. आधी नुसती हवा भरून काटा हलत नाही ना बघितलं, मग ऑइल. जुनं ऑइल डबीतून सिरिंजने काढलं, चाकांचा क्रम मॅन्युअलमध्ये दिलाय तोच धरला, चाकाजवळच्या ऑइल सोडायच्या निपलला पारदर्शक नळी लावून स्वच्छ ऑइल येईपर्यंत सोडलं. लिटरभर लागलं आणि वेळ लागला तीन तास, पाच मिनिटं नाही. पंपातलं ऑइल मध्येच संपू द्यायचं नाही, कारण एबीएसच्या (चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) ब्लॉकमध्ये हवा गेली की ती काढायला स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लागतो, मग शोरूमचीच वाट धरायची. झाकण उघडायच्या आधी प्रेशर सोडायचं, नाहीतर तोंडावर.

एकट्याने होतं हे मात्र मेसेजमधलं बरोबर आहे, पेडल मारायला पोरगा बसवावा लागत नाही. उलट बसवूच नका. बऱ्याच ईव्हीत ब्रेकचा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) इलेक्ट्रिक असतो, दार उघडलं की जागा होतो, त्याला सर्व्हिस मोडमध्ये टाकायची काही पद्धत मॅन्युअलमध्ये असेल तर तीच करायची, आणि स्कॅनरशिवाय करू नका असं लिहिलं असेल तर पंप गुंडाळून ठेवायचा.

डॉट ५ चा घोळ नावामुळे होतो. तो सिलिकॉनचा, डॉट ३-४ मध्ये मिसळत नाही. डॉट ५.१ वेगळा, तो ४ च्याच घराण्यातला. झाकणावर जे लिहिलंय तेच टाका.

मेसेजखाली कुणीतरी ४०० व्होल्टचा शॉक बसेल असंही चिकटवलंय. नारिंगी केबलला हात लावू नका, झालं, ब्रेकच्या पाइपात करंट नसतो. भीती जॅकची आहे. खाली बॅटरी आहे, जॅक चुकीच्या जागी लावला तर तिलाच लागतो, आणि नुसत्या जॅकवर गाडी ठेवून चाकाजवळ डोकं घालायचं नाही, स्टँड लावायचे.

सगळं झाल्यावर मी पेडल दाबून बघितलं, कडक लागलं, तरी पहिली चक्कर पार्किंगमध्येच मारली, दहाच्या स्पीडने, बायको गॅलरीतून हसत होती.