नंबर सांगा, नंबर!

ठाण्यात राहूनही तुमचा मोबाईल नंबर फक्त नातेवाइकांकडेच असेल, तर तुमचं काहीतरी चुकतंय. आधी गोखले रोडवर जाऊन दोन हातरुमाल घ्या. काउंटरवरची मुलगी मान वर न करता "नंबर?" म्हणेल. दहाचे दहा आकडे खणखणीत आवाजात सांगा, मागच्या रांगेलाही ऐकू गेले पाहिजेत. बिलासाठी नंबरची सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना २०२३ मध्येच सांगितलंय, पण ते तिला ऐकवू नका. नंबर टाकल्याशिवाय तिचं मशीन पुढे सरकत नाही, आणि मशीनपुढे दिल्लीचं काय चालणार?

संध्याकाळी घोडबंदर रोडवरच्या टू बीएचकेसाठी फोन येईल. "सर, साइट व्हिजिटला कधी येताय?" नंबर कुठून मिळाला, हे विचारणं शिष्टाचाराला धरून नाही. फार तर तिथे पोचायला किती वेळ लागतो ते विचारा. फोन तोच ठेवेल.

सोसायटीच्या गेटवरच्या वहीत पाहुण्यांनाही सगळं लिहायला लावा. नाव, फ्लॅट, फोन, सही. पेन सुतळीने बांधलेलं असतं, चोरीला जाऊ नये म्हणून. वही उघडीच असते; कुरिअरवाल्याला वरच्या ओळी वाचून तेवढाच विरंगुळा.

कायद्याची धास्ती नको. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या पाळायला कंपन्यांना आणखी १८ महिने मिळाले. घाई कुणालाच नाही. डेटा नीट न सांभाळल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत! हुरळू नका, तो भारताच्या एकत्रित निधीत जमा होतो. डेटा तुमचा, मनस्ताप तुमचा, पैसे सरकारचे. जुन्या आयटी कायद्यात नुकसानभरपाईचं ४३अ कलम होतं, तेही हा कायदा वगळतो. तुम्हाला अगदीच वगळलंय असं मात्र नाही हं: खोटी किंवा फालतू तक्रार केलीत, तर १०,००० रुपयांपर्यंत दंड तुम्हालाही आहे. तेव्हा तक्रारीआधी पाकीट चाचपा.

एक हक्क मात्र जरूर बजावा. संमतीची नोटीस मराठीतच मागा. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठलीही मागायची सोय या कायद्यात आहे. वाचत बसू नका. खाली 'मान्य आहे' दिसेल, तिथे अंगठा उठवा.