पऱ्हाटी पेटता पेटत नाही

पुसाच्या महिन्यात पारा दहाच्या खाली उतरला, की आंघोळीचं पाणी तापवणं हे आमच्या घरात पुरुषमाणसाचं काम होतं. हा ठराव कधी पास झाला, कोण जाणे. गॅस आहे, पण तो चहापुरता आणि पाहुण्यांपुरता. गंजभर पाण्यासाठी सिलिंडर जाळणारा माणूस मायच्या लेखी उधळ्या.

गोठ्यामागे पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या काड्यांचा, ढीग आहे; चुलीत तीच जाळायची. भोवतीच्या हवेत 21 टक्के ऑक्सिजन. वर्षभर दोघं एकमेकांना खेटून असतात, पण ढीग आपणहून पेटत नाही. (बरंच आहे म्हणा, गोठा शाबूत राहिला.) बारावी सायन्सचा भाचा सुट्टीत आलेला. तो गोधडीतूनच बोलला, "मामा, काहून फुकून राह्यले? ॲक्टिव्हेशन एनर्जी कमी पडून राह्यली."

म्हणजे पऱ्हाटी जळताना भरपूर उष्णता देईल, पण तिच्यातले जुने बंध तुटायला सुरुवातीची उष्णता तुम्ही मोजायची. तेवढी ऊर्जा ज्या रेणूंजवळ आहे तेच पुढं जातात. तापमान वाढलं की असे रेणू झपाट्यानं वाढतात. स्वीडनच्या अऱ्हेनियसनं 1889 मध्ये हे सूत्रात बसवलं. तिथली थंडी पाहता, त्याच्याही घरी कोणीतरी हे काम त्याच्याच गळ्यात मारलं असावं.

आमची पऱ्हाटी दवानं ओलसर. काडेपेटीच्या काडीची उष्णता आधी त्या ओलीची वाफ करण्यात खर्च होते. ओल आहे तोवर लाकूड शंभर अंशांपुढं फारसं सरकत नाही, आणि जळणारे वायू नीट सुटायला अडीचशे-तीनशे तरी लागतात. मधल्या टप्प्यात नुसता धूर. धूर म्हणजे जळायला निघालेला, पण जाळ न भेटलेला माल. तो सगळा माझ्या डोळ्यांत. फुकणी लावावी, गाल फुगवावे, फुंकावं. निखारा लाल. दम घ्यायला थांबावं, निखारा काळा. आणि फुकणी तोंडात असतानाच दम घेतला, तर राख थेट छातीत.

"बारीक काड्या टाका, सरफेस एरिया वाढते," गोधडी बोलली. दहा अंश तापमान वाढलं की बऱ्याच अभिक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हेही तिनंच सांगितलं. पुसात विरजण का लागत नाही आणि उन्हाळ्यात दूध दुपारीच का नासतं, ते कळलं. भाचा गोधडीबाहेर का येत नाही, तेही कळलं.

अशा वेळी उत्प्रेरक लागतो, म्हणजे ॲक्टिव्हेशन एनर्जीचा चढ कमी करणारा. तो आमच्याकडे बाजेवर बसून चहा पितो.

"राहू दे बाप्पा, मीच पेटवतो," माय म्हणते.

बस. ती काडी आणत नाही, फुंकत नाही. पण एवढ्यानं माझ्यापुढचा आळसाचा चढ निम्मा होतो; मी उठून आतली कोरडी गोवरी आणि सुकी तुऱ्हाटी काढतो, आणि चूल धडधडून पेटते. उत्प्रेरक अभिक्रियेत खर्च होत नाही म्हणतात. माय जशीच्या तशी, बशीतला चहाही सांडलेला नाही.

पाणी कढलं, तसा भाचा उठला आणि पहिली बादली घेऊन न्हाणीत गेला.

"मामा," आतून आवाज आला, "विसण आणा ना. लय गरम करून ठेवलं तुम्ही."