कायम होण्याचा खात्रीचा मार्ग

नवीन लागलात? अभिनंदन! ठेकेदाराकडून का होईना, पण एमआयडीसीत चिकटलात. आधार कार्डाची झेरॉक्स दिलीत, एक नंबर मोठे सेफ्टी शूज मिळाले आणि प्लेटिंगला, म्हणजे धातूच्या नगांवर निकेल-क्रोमचा मुलामा चढवायला, टाकलं. आता घरचे रोज विचारणार, ‘कायम कधी करणार?’ कायम होण्याचा दावा करायला लागणारे २४० दिवस ठेकेदार तुम्हाला भरू देणार नाही, त्याआधीच ‘ब्रेक’ देऊन घरी बसवणार, हे तुम्हालाही माहीत आहे आणि त्यांनाही. पण नाराज होऊ नका. कागदावर कायम होणं कुणाच्या हातात नसतं. कातडीनं कायम होणं मात्र संपूर्णपणे तुमच्या हातात आहे, दोन्ही हातांत. बावीस वर्षं मी या टाक्यांच्या कडेला काढली, त्यामुळे दोन शब्द सांगण्याचा अधिकार मला आहे असं समजा.

सुरुवात धुण्याच्या टाकीपासून करा. जिगवरून, म्हणजे टांगायच्या चौकटीवरून, जॉब (मुलाम्याचा नग) निसटतो आणि तळाला जातो. तो काढायला चुंबकाची काठी असते, म्हणजे पूर्वी होती. मग बाही वर सारायची आणि हात घालायचा. मुख्य टाकीत कुणी हात घालत नाही, ती गरम असते आणि तिचा धाक असतो. धुण्याच्या टाकीला सगळे ‘नुसतं पाणी’ म्हणतात. निकेलनंतरचं ते नुसतं पाणी हिरवट दिसतं, क्रोमनंतरचं पिवळं. रंग कशाचा, हे विचारू नका. लोक म्हणतील, हा शिकायला आलाय की भांडायला?

त्या पाण्यातले धातूचे क्षार कातडीत शिरतात, तिथल्या प्रथिनांना चिकटतात आणि शरीराच्या पहारेकऱ्यांना वाटतं, कुणीतरी परका घुसला. पहारेकरी त्याचं नाव लिहून ठेवतात. यालाच अ‍ॅलर्जी म्हणतात. आपल्या वाण्याची उधारीची वही असते ना, तशी ही वही. फरक एवढाच की वाणी कधीतरी खातं मिटवतो. नाव चढायला कमीत कमी दहा-पंधरा दिवस लागतात. कधी दोन वर्षं, तर कधी वीस. म्हणून एखादा जुना माणूस छातीवर हात मारून ‘मला इतक्या वर्षांत काही झालं नाही’ म्हणाला, तर त्याला मान द्या. त्याचं नाव अजून चढायचं आहे.

कातडी धडधाकट असली तर क्षारांना आत शिरायला वेळ लागतो. यावर आपल्याकडे चांगला तोडगा आहे. सुटीच्या भोंग्याला हात धुवायला भुसा आणि कपड्यांची पावडर घ्या, डाग राहिलाच तर थिनर. आठवडाभरात बोटांना भेगा पडतात आणि सगळे दरवाजे उघडे होतात. बऱ्याच जणांचे हात तर एवढ्यानंच जातात. ती अ‍ॅलर्जीही नसते, नुसतं सोलणं असतं. पण सोललेल्या हातावर अ‍ॅलर्जीचं बी छान रुजतं, म्हणून ही मशागत सोडू नका.

आता मुख्य विषय, म्हणजे कारण शोधणं. एकदा नाव चढलं की पुढच्या वेळी खाज लगेच सुटत नाही. एक ते तीन दिवसांनी सुटते. सोमवारी हात टाकीत आणि बुधवारी बोटांच्या बेचक्यात बारीक पाण्याचे फोड. मधे मंगळवार येतो, आणि मंगळवारी घरी काहीतरी शिजलेलं असतंच. आपल्याकडे दोष द्यायला हाताशी तयार असतं ते वांगं. वांगं नसेल तर अंडी, अंडी नसतील तर आंबट दही, आणि तुम्ही माळकरी असाल तर ‘अंगातली उष्णता’. शॉपमधला प्रत्येक माणूस या विषयातला तज्ज्ञ असतो. कुणी कडुलिंबाचा रस देईल, कुणी गावच्या वैद्याचा पत्ता देईल, आणि अगदी शिकलेला असेल तो खिडकीतून कंपाउंडजवळचं काँग्रेस गवत दाखवेल. या गवताला बोल लावण्यात पुणे जिल्ह्याचा हातखंडा आहे. १९५०च्या दशकात ते देशात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते पुण्यातच, आणि त्याच्यापायी माणसांचे चेहरे सुजतात हेही खरं. फक्त ते हवेतून येतं, चेहरा, मान, पापण्या आधी धरतं. तुमच्या फक्त बोटांच्या बेचक्याच शोधत ते कंपाउंडवरून का येईल, असा प्रश्न कुणी काढत नाही. गवत बिचारं मजुरी मागत नाही की ब्रेकला भीत नाही, आळ घ्यायला त्याच्यासारखं दुसरं कोणी नाही.

मी स्वतः एका वर्षी वांगं सोडलं. आमच्याकडे आषाढी ते चंपाषष्ठी तसंही घरात वांगं येत नाही, मी आणखी कडक राहिलो, लग्नाच्या पंगतीतही भाजी बाजूला सारली. आषाढ गेला, श्रावण गेला, भाद्रपदात पाहुण्यांसमोर हात खिशात घालून बसलो. खाज जशीच्या तशी. मग दिवाळीला कंपनी आठ दिवस बंद. सातव्या दिवशी हात असा झाला की बायको म्हणाली, ‘भाऊबीजेला तुझा हात लग्नातल्यासारखा दिसतोय.’ कंपनी सुरू झाली, तिसऱ्या दिवशी फोड परत. पुढं चंपाषष्ठीला भरीत-रोडगा पोटभर खाल्ला, हाताला काही फरक नाही. वांगं कधी बंद, कधी सुरू, हे तारखेनिशी माहीत. कंपनी कधी बंद, कधी सुरू, हेही माहीत. एवढा चोख प्रयोग घडून गेला आणि त्यातून मी निष्कर्ष काय काढला? की दिवाळीचं उटणं मला मानवतं. पुढचे दोन महिने रोज उटणं लावून ड्यूटीवर गेलो.

ठेकेदारीवाल्यांना ही सोय वर्षातून जास्त वेळा आहे. ब्रेक लागला की हात बरा, परत घेतलं की हात खराब. अशा वेळी म्हणायचं, ‘घरी बसलं की आराम मिळतो ना.’

औषधासाठी डॉक्टरकडे जाऊन अर्धा दिवस घालवू नका. नाक्यावरच्या मेडिकलवाल्याला काउंटरवरूनच हात दाखवा. तो म्हणेल, ‘नायटा आहे.’ आणि एक ट्यूब देईल, जिच्यात बुरशीचं, जंतूचं आणि जोरदार स्टिरॉइडचं अशी तीन औषधं एकत्र नांदतात. स्टिरॉइडनं दोन दिवसांत लाली जाते आणि तुम्ही खुशीत परत टाकीवर. कातडी पातळ होत जाते, त्याचा हिशेब नंतर. आणखी मजा म्हणजे अशा कित्येक ट्यूबांत निओमायसिन असतं, आणि ते स्वतःच अ‍ॅलर्जी देणाऱ्यांतलं नावाजलेलं. एका ट्यूबमध्ये उपचारही आणि नवा रोगही, एवढ्या कमी पैशात दुसरीकडे कुठं मिळतं?

हातमोजे मिळतील, अधूनमधून. कापडी मिळाले तर ते भिजेपर्यंत घाला आणि भिजल्यावरही घाला. दिवसभर क्षारांची पट्टी हाताला बांधल्यासारखं होतं, उघड्या हातानं एवढा परिणाम साधत नाही. रबराचे मिळाले तर आत दोन थेंब जाऊ द्या. काहींना रबरात घातलेल्या रसायनांचीच अ‍ॅलर्जी होते. मग मनगटावर मोजा संपतो तिथं रेघ मारल्यासारखी लाली उठते. चामड्याचे मिळाले तर प्रश्नच मिटला. बहुतेक चामडं क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. ते सेफ्टी शूजही त्यातलेच. क्रोमचं नाव एकदा वहीत चढलं की कंपनीनं सुरक्षेसाठी दिलेला बूट तुमच्या पायांना टाकीची आठवण करून देत राहतो, रविवारी लग्नाला घालून गेलात तरी.

कायम होण्याचे फायदे असे घरापर्यंत येतात. मला निकेलचं आहे. घड्याळाचा पट्टा मी नाड्यासारख्या कापडाचा घालतो. बेंबीखाली गोल चट्टा उठायचा, तो मी कित्येक महिने चड्डीच्या इलॅस्टिकवर ढकलला. तो जीन्सच्या बटणाचा निघाला. आता बायको प्रत्येक नव्या पँटच्या बटणाला आतून कापडाचा तुकडा शिवून देते. युरोपात १९९४ साली नियम केला, कातडीला सतत लागणाऱ्या बटणा-बक्कलांतून निकेल किती सुटावं याचा. आमच्या घरी तो नियम सुईदोऱ्यानं पाळला जातो.

क्रोमच्या टाकीची बदली मिळाली तर सोडू नका, तिथं सीनियर लोक असतात. लिटरमागे २५० ग्रॅमच्या आसपास क्रोमिक अ‍ॅसिड, आणि वीज सोडली की तिचा थोडाच हिस्सा क्रोम बसवतो. बाकीची नुसते हायड्रोजनचे बुडबुडे काढते. बुडबुडा वर येऊन फुटतो आणि पिवळा तुषार हवेत उडवतो. तो ओढून घ्यायला टाकीच्या काठाला सक्शन असतं. सक्शन आवाज करतं आणि वीज खातं, म्हणून ते ऑडिटच्या दिवशी चालतं. आमच्याकडे एक जुने प्लेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणत. बोटांच्या पेरांवर पंच मारल्यासारखी गोल भोकं, कडा उचललेल्या. दुखत फार नसत, म्हणून कौतुकानं दाखवायचे. आणि श्वास घेताना त्यांच्या नाकात बारीक शिट्टी वाजायची. नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडलेलं. पाळी बदलताना अंधारातसुद्धा कळायचं, मामा आले. आम्ही हसायचो. मामाही हसायचे.

कायद्याची भीती मुळीच बाळगू नका. १९४८च्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या तिसऱ्या परिशिष्टात, शिशाची विषबाधा आणि सिलिकोसिसच्या पंगतीत, क्रोमच्या व्रणांचं नाव होतं. रसायनं आणि रंग लागून होणाऱ्या त्वचेच्या आजाराचंही होतं. कलम ८९ सांगायचं, असा रोगी दिसला की डॉक्टरनं मुख्य निरीक्षकाला लेखी कळवायचं. २०२५च्या नोव्हेंबरपासून त्याच्या जागी २०२०ची कामगार-सुरक्षेची नवी संहिता आली, तिच्यातही ही यादी शाबूत आहे. भरपाईच्या १९२३च्या कायद्यातही या आजारांना जागा होती, त्याच्या जागी आलेल्या संहितेतही आहे. तुमचं काम एवढंच की डॉक्टरनं ‘काय करता?’ विचारलं तर ‘कंपनीत असतो’ म्हणायचं. एवढ्या दोन शब्दांपुढं सगळे कायदे थांबतात. मग चिठ्ठीवर येतं ‘अ‍ॅलर्जी, तीन दिवस विश्रांती’, आणि कंपनीच्या वहीत ते तीन दिवस ‘वैयक्तिक कारण’ म्हणून पडतात.

चुकून एखादा डॉक्टर दुसरा प्रश्न विचारणारा निघाला, तर जपा. तो तुम्हाला पॅच टेस्ट करायला लावेल. १८९५पासून चालत आलेली युक्ती आहे. पाठीवर छोट्या वाट्यांतून निकेल, क्रोम, रबराची रसायनं वगैरेंचे कण चिकटवतात, दोन दिवस अंघोळ नाही, घामाचं काम नाही. मग पट्ट्या काढून पाहतात, आणि आणखी एक-दोन दिवसांनी परत पाहतात. म्हणजे आठवड्यात तीन फेऱ्या, तीन खाडे. माझ्या पाठीवर निकेलच्या चौकोनात लाल गाठ उठली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मोबाइलवर फोटो काढून मला दाखवला. बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या पाठीवर कुणीतरी पहिल्यांदाच काहीतरी लिहून दिलं होतं. मी तो फोटो सुपरवायझरला दाखवला. त्यानं झूम करून पाहिला आणि विचारलं, ‘डास चावला का?’

माझा मेहुणा गवंडी आहे. त्याचं सगळं असंच, फक्त टाकीच्या जागी घमेलं. ओल्या सिमेंटमध्येही तेच क्रोम असतं. डेन्मार्कनं १९८०च्या दशकात सिमेंटमध्ये फेरस सल्फेट घालायला लावलं, त्यानं ते क्रोम निरुपद्रवी होतं आणि गवंड्यांच्या हातांचं दुखणं कमी झालं. २००५पासून अख्ख्या युरोपीय संघात तशी मर्यादा आहे. फेरस सल्फेट म्हणजे आपलं हिराकस. टनामागे काही किलो. मेहुण्याला सांगितलं तर म्हणाला, ‘दाजी, मला खोबरेल तेलानं आराम पडतो.’

असो. परवा दुसऱ्या पाळीला एक नवा पोरगा आला, एकोणीस-वीस वर्षांचा, ठेकेदाराचाच. तिसऱ्या आठवड्यात माझ्याजवळ येऊन हात पुढे केला. ‘काका, हे काय झालंय बघा ना.’ मी त्याचा हात ट्यूबलाइटखाली धरला. बोटांच्या बेचक्यात मोहरीएवढे फोड, मनगटापर्यंत लाली. मागं हिरव्या पाण्यात एक जॉब पडलेला होता, आणि अडीचशे नग पाळी सुटायच्या आत पाठवायचे होते. मी त्याला विचारलं,

‘काल वांगं खाल्लं होतंस का रे?’