ललिताजी देवगडच्या नव्हेत, पाचशे रुपये पाठवू नका

‘सर्फच्या जाहिरातीतल्या ललिताजी म्हणजे आपल्या देवगडच्या एक खऱ्याखुऱ्या बाई. स्वस्तात संसार कसा करावा हे त्यांनी देशाला शिकवलं. कंपनीने दमडी दिली नाही, आज त्या अंथरुणाला खिळून आहेत. खालच्या नंबरवर मदत पाठवा.’ हा मजकूर गावच्या ग्रुपांवर फिरतोय. वेंगुर्ल्याच्या मावशीने तो मला धाडला, वर स्वतःची पुस्ती : ‘आपल्याच माणसाक पाचशे काय जड नाय.’ म्हणून हे लिहिणं आलं.

मदतीचंच आधी बघू. ललिताजी हे पात्र. ते रंगवलं कविता चौधरी यांनी. १९८९ साली दूरदर्शनवर आलेली ‘उडान’ लिहिणाऱ्या, दिग्दर्शित करणाऱ्या आणि तीत नायिका असलेल्या त्याच. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी त्या अमृतसरला वारल्या. बातमी देशभरच्या पेपरांत होती. मग अंथरुणाला खिळलंय कोण, आणि तो नंबर कुणाचा? मजकुरात आडनाव नाही, वाडी नाही, शेजारपाजार नाही. देवगड-जामसंड्यात एवढी नावाजलेली बाई आजारी असती तर चहाच्या टपरीवरसुद्धा पत्ता सांगितला असता. आमची मावशी बंदरावर बांगड्याचा कल्ला उचलून लाल आहे की नाही बघितल्याशिवाय बटवा उघडत नाही. आणि इथे डोळे मिटून पाचशे?

आता खऱ्या बाईचं. थोडा धागा आहे, नाइलाजाने कबूल करतो. हे पात्र घडवलं लिंटास या जाहिरात कंपनीच्या अलेक पदमसींनी, आणि ते आपल्या आईवरून सुचल्याचं त्यांनीच सांगितलंय : घरात पैसा असूनही भाजीवाल्याशी घासाघीस करणारी बाई. पण म्हणून ती देवगडची होत नाही. कोकणाला अभिमान वाटावा अशी माणसं कमी आहेत का, की आता पावडरच्या जाहिरातीतूनही ओढून आणायची?

स्वस्ताईचा मुद्दा तर सरळ उलटा. स्वस्त होती ती निरमा. तिने सर्फचं गिऱ्हाईक पळवलं म्हणून ललिताजींना पडद्यावर आणलं. त्यांचा हिशोब असा, की अर्धा किलो सर्फ म्हणजे एक किलो स्वस्त पावडर. थोडक्यात, महाग वस्तू घ्या हेच पटवून द्यायला त्या आल्या होत्या.

मजकूर पुढे ढकलू नका. पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा.