गार वारं सुटलं म्हणजे उन्हाळा सौम्य, असं नाही

सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की आत्ता थंडी परत आली म्हणजे यंदा ठाण्यात उन्हाळा सौम्य जाणार, प्लीज पुढे पाठवू नका हे. उत्तरेत पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी, पाऊस-बर्फ आणणारी हवेची प्रणाली) येऊन गेला की मागून उत्तरेचं कोरडं वारं आपल्यापर्यंत पोचतं, पहाटे येऊरच्या डोंगराकडे तर चांगलंच गार लागतं, पण ते दोन-चार दिवसांचं, त्यावरून अख्ख्या सीझनचा अंदाज कसा काढणार? उलट वारं पूर्वेचं झालं आणि समुद्राकडचा वारा दुपारी उशिरा आला की इथे पारा झटकन चढतो, मार्चमध्येसुद्धा. किनारपट्टीला दिवसाचं कमाल तापमान ३७ अंश किंवा त्याहून जास्त आणि सरासरीपेक्षा निदान ४.५ अंश जास्त असलं की हवामान खातं उष्णतेची लाट धरतं. मार्च ते मेचा अंदाज खातं फेब्रुवारीअखेर देतं, तोच बघा. घरात म्हातारी माणसं, लहान पोरं असतील त्यांनी तर नक्कीच.