आडनावाशिवाय माणूस सापडतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मॉरिशसला गेलेल्या कोकणी कुटुंबांचे मूळ गाव कसे शोधावे, या माझ्या लेखावर आपण गुहागरहून सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप तीन आहेत. आडनाव ठाऊक नसताना घराणे ठरवणे म्हणजे अंदाजालाच पुरावा म्हणणे, हा पहिला. आपल्याकडची माणसे मुंबईला गिरणीत गेली. मॉरिशसला कोणी गेल्याचे गावात कोणाला आठवत नाही आणि आपल्या घरच्या खोतीच्या, म्हणजे गावाचा सारा गोळा करण्याच्या वतनाच्या, दप्तरातही तशी नोंद नाही, हा दुसरा. परदेशातून आलेल्यांना जमिनीचे कागद पाहायला सांगून मी गावात नवे वाद आणतो आहे, हा तिसरा.

गिरणीपासून सुरुवात करतो. मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ साली स्थापन झाली. मॉरिशसला करारबद्ध मजूर नेणे त्याच्या वीस वर्षे आधी, १८३४ मध्ये, सुरू झाले होते. मजुरांच्या हालांवरून ओरड झाल्यावर ते काही काळ बंद पडले आणि १८४२ मध्ये पुन्हा सुरू झाले, तेव्हा कलकत्ता आणि मद्रासबरोबर मुंबई बंदरातूनही माणसे जाऊ लागली. म्हणजे त्या दहा-बारा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्यातला जो माणूस पोटासाठी गलबताने मुंबईला उतरला, त्याच्यापुढे गिरणीचा भोंगा नव्हताच. भरतीवाला मुकादम मात्र होता. गावाला आठवत नाही हे मला खरे वाटते, पण त्याचे कारण वेगळे आहे. गाव चाकरमान्याला लक्षात ठेवते, कारण तो गणपतीला आणि शिमग्याला परत येतो. ज्याचा निरोपही कधी आला नाही, त्याचे नाव दोन पिढ्यांत घरातल्या घरातही पुसले जाते. तिकडे मात्र त्यांनी इकडचे पुष्कळ जपले. आपल्याकडची जाखडी, फेर धरून नाचायचा तो नाच, मॉरिशसच्या मराठी वस्त्यांत 'झाकरी' म्हणून आजही नाचली जाते, आणि माझ्या दृष्टीने ही साक्ष लहान नाही.

आता आडनाव. आपला आग्रह जिथे लागू पडतो ती जागा आधी मान्य करतो. अलिबाग-पेण-रोह्याकडच्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, कुटुंबांचे पूर्वज शोधताना रोहेकर, पेणकर, नवगावकर ही आडनावेच पत्त्याचे काम करतात. मॉरिशसच्या मराठी कुटुंबांची गोष्ट मात्र उलटी आहे. मजुराच्या नोंदीत त्याचे नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जहाज, जिल्हा आणि गाव असे लिहिले जाई. पुढे त्याचे किंवा त्याच्या बापाचे नावच तिथल्या वंशजांचे आडनाव होऊन बसले. मोका येथील महात्मा गांधी संस्थानात या नोंदी जतन केल्या आहेत आणि वंशज तिथूनच उतारा घेऊन येतात. इकडे कोकणातही त्या काळी कुळवाड्याची नोंद बहुतेक 'अमुक बिन तमुक कुणबी' (तमुकचा मुलगा अमुक) एवढीच असे. घरोघरी आडनाव कागदावर पक्के झाले ते बरेच नंतर, शाळेच्या रजिस्टरातून. त्यामुळे १८५० च्या सुमाराचा माणूस आडनावाने शोधणे म्हणजे दोन्ही किनाऱ्यांवर जे लिहिलेच गेले नाही ते शोधत बसणे होय.

म्हणूनच मी लिहिले होते की, गेलेल्याला शोधू नका, मागे राहिलेल्याला शोधा. हे वाक्य आपल्याला शब्दांचा खेळ वाटले. पण माझी सगळी पद्धत त्यावरच उभी आहे. आपल्याकडची बोटखते, म्हणजे खोती गावात कोणती जमीन कोणाकडे आहे याची नोंदवही, १८८० च्या खोती कायद्यानंतरची. १८५० मध्ये जहाजावर चढलेला माणूस त्यांत असणारच नाही. त्याचा भाऊ असू शकतो, आणि भावाच्या नावापुढे 'बिन' लावून तोच बाप लिहिलेला असतो. तो बाप हाच काय तो दोन कागदांना जोडणारा दुवा. अर्थात धोंडू आणि बाळू हे बाप वाडीवाडीला सापडतात, त्यामुळे तेवढ्यावर काहीही ठरत नाही, हे आपले म्हणणे अगदी बरोबर आहे.

मी चुकलो ते इथेच. मूळ लेखात मी 'नोंदीतला जिल्हा आणि गाव निश्चित मानावे' असे लिहिले होते. ते वाक्य आज मागे घेतो. गोऱ्या कारकुनाने कानाला ऐकू आले तसे गावाचे नाव उतरवलेले असते, आणि बरोबर वाचले तरी एक शिरगाव रत्नागिरीजवळ, एक चिपळूण तालुक्यात, एक देवगडात. शिवाय तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचा रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाचा बराचसा भाग. तालुक्यांचीही नावे बदलली. नोंदीत 'सुवर्णदुर्ग' दिसले की वंशज हर्णैला जाऊन पाण्यातला किल्ला पाहून येतात. सुवर्णदुर्ग आणि अंजनवेल ही तेव्हा तालुक्यांची नावे होती, हे त्यांना कोणी सांगत नाही.

ज्या कुटुंबाविषयी मी लिहिले होते, त्यांच्या बाबतीत नोंदीतल्या नावाची गावे तीन निघाली. निर्णय झाला तो त्यांच्या आजीच्या गाऱ्हाण्यावरून, म्हणजे देवापुढे म्हणायच्या साकड्यावरून. अर्थ न कळता ती सणाला जे शब्द म्हणत असे, त्यांत सोमजाईचे नाव होते, आणि तिघांपैकी एकाच गावाची ग्रामदेवता सोमजाई आहे. त्या गावच्या बोटखतात एका वाडीत त्याच बापाचे दोन मुलगे सापडले. त्यावर मी 'घराणे सापडले' असे लिहिले. सोमजाई कोकणात अनेक गावांना आहे, तेव्हा आपण हरकत घेतलीत ते योग्यच झाले. 'वाडी सापडली, घराणे संभाव्य' एवढेच म्हणण्याचा मला अधिकार होता, आणि लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

जमिनीच्या भीतीविषयी थोडेच लिहितो. खोती गावातले कूळ गाव सोडून गेले की त्याची जमीन खोताच्या हाती जाई, आणि पुढे खोती संपून कूळकायदा आल्यावर ती कसणाऱ्याच्या नावे लागली. दीडशे वर्षांपूर्वी गेलेल्याचा वंशज जुने कागद वाचतो म्हणून आजचा सातबारा बदलत नाही. मला आजवर भेटलेल्यांपैकी प्रत्येकाने फक्त देवळात नारळ ठेवायला मिळेल का, एवढेच विचारले आहे.

राहिले आपल्या घरचे दप्तर. मॉरिशसचा शब्द त्यात मिळणार नाही, कारण माणूस कुठे गेला याच्याशी खोताला कर्तव्य नव्हते. जमीन कसायची राहिली, याच्याशी होते. तेव्हा १८४२ नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांच्या कागदांत 'गयाळ', म्हणजे कूळ सोडून गेल्याने खोताकडे आलेल्या, म्हणून लिहिलेल्या जमिनी पाहाव्यात, आणि ती जमीन आधी कोणाच्या कसणुकीत होती, तेवढे टिपून ठेवावे. मोडी वाचायला अडचण असेल तर मी गुहागरला येऊन आपल्या ओटीवर बसून वाचीन. कागद घराबाहेर न्यायची गरज नाही, आणि आपल्या परवानगीवाचून त्यातले एक नावही मी कुठे छापणार नाही.